चकचकीत बॉल जास्त वळतो का?

टेनपिन बोलिंग (लांब लेनवरून जड बॉल घरंगळत सोडून टोकाच्या दहा पिन पाडण्याचा खेळ) खेळणाऱ्यांमध्ये एक समज बराच काळ फिरतो आहे: बॉल जितका चकचकीत, तितका तो जास्त वळतो.

समज अगदीच निराधार नाही. पॉलिश केलेला बॉल सरळ जातो आणि शेवटी एकदम वळतो, त्यामुळे ते वळण डोळ्यांत भरतं. पण वळायला घर्षण लागतं. पहिल्या पिनपर्यंतची लेन 60 फूट असते आणि तिच्या सुरुवातीच्या मोठ्या भागावर तेल असतं. गुळगुळीत बॉल त्या तेलावरून घसरत जातो, खरखरीत बॉल लवकर पकड घेतो आणि सहसा एकूण जास्तच वळतो. मात्र लेन कोरडी असेल, तर तोच खरखरीत बॉल फार लवकर वळून पिनपर्यंत पोचताना जोर गमावतो.

पृष्ठभागाइतकाच आतला गाभाही महत्त्वाचा. त्याच्या आकारामुळे फिरताना बॉलचा अक्ष सरकत राहतो आणि दर फेरीला कोरडा भाग लेनला टेकतो. परत आलेल्या बॉलवर तेलाची वेगवेगळी वर्तुळं दिसली, तर हेच घडलंय. साध्या प्लास्टिकच्या बॉलवर ती जवळजवळ एकावर एकच पडतात.

पडताळायचं असेल तर सरावात आपलाच पॉलिश केलेला बॉल आधी दहा वेळा टाका. मग 1000 नंबरच्या पॅडने सगळीकडून सारखा घासा (नंबर जितका लहान, तितका खरखरीतपणा जास्त) आणि त्याच लेनवर, त्याच वेगाने पुन्हा टाका. बॉल लेनवर किती अंतर गेल्यावर वळायला लागतो, एवढंच बघा.