सायबर सुरक्षा उद्योग, पुण्यातील : शासकीय पाठबळ व मनुष्यबळ

संगणक, त्यांची जाळी व त्यांतील माहिती यांचे रक्षण करणारी उत्पादने आणि सेवा देशातच तयार व्हाव्यात, त्यांसाठी लागणारी माणसेही येथेच घडावीत, यासाठी शासनाने केलेले साहाय्य व त्याचा पुण्यातील उद्योगावर झालेला परिणाम. संशोधनसंस्था, प्रशिक्षण, करसवलत, सरकारी खरेदीतील अग्रक्रम आणि नियमांतून निर्माण होणारी मागणी ही या साहाय्याची मुख्य रूपे होत.

पुण्यातील आरंभ कोणता मानावा, याबाबत मतभेद संभवतो. एका दृष्टीने तो १९८८ मधील ठरतो. अमेरिकेकडून क्रे महासंगणक मिळण्यात अडथळे आल्यावर केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन केले आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. दुसरा दाखला साधारणपणे १९९० चा दिला जातो. त्या सुमारास बंगळूर व भुवनेश्वरबरोबर पुण्यालाही सॉफ्टवेअर तंत्रज्ञान पार्क मिळाला. त्यायोगे निर्यातदारांना उपग्रहाद्वारे दळणवळणाची सोय झाली, तर आयकर कायद्याच्या कलम १०अ खालील सवलत मार्च २०११ पर्यंत चालू राहिली. मात्र महासंगणन किंवा सेवांची निर्यात म्हणजे सुरक्षा उद्योग नव्हे.

उत्पादनाच्या दृष्टीने १९९५ हे वर्ष अधिक सयुक्तिक वाटते. त्या वर्षी कैलास काटकर व संजय काटकर या बंधूंची कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी नोंदली गेली. मुळात हा धंदा कॅल्क्युलेटर व संगणक दुरुस्तीचा. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत फ्लॉपीवाटे शिरलेले विषाणू वारंवार आढळत. ते काढण्यासाठी धाकट्या भावाने लिहिलेल्या प्रोग्रॅममधून ‘क्विक हील’ घडले. हेच नाव २००७ मध्ये कंपनीलाही मिळाले. ही सुरुवात दुरुस्तीच्या टेबलावर झाली, शासकीय योजनेतून नव्हे. २०१० मधील मोठी गुंतवणूकही खाजगी भांडवलाची होती. शासनाशी उघड सहकार्य नंतरचे आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्रीय संस्थेने ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले, तेव्हा बाधित संगणक साफ करण्याचे मोफत साधन या कंपनीने पुरविले.

खरेदीतील अग्रक्रमाचा आधार म्हणजे २०१७ चा ‘मेक इन इंडिया’ प्राधान्य आदेश. जुलै २०१८ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने तो सायबर सुरक्षा उत्पादनांना लावला. त्यातील ‘स्थानिक’ची व्याख्या महत्त्वाची आहे. यंत्रसामग्रीत स्थानिक वाटा सुट्या भागांच्या किमतीवरून मोजता येतो. सॉफ्टवेअरचे तसे नाही. कोणत्याही कंपनीचे अभियंते पुण्यात बसून कोड लिहितात, पण मालकी परदेशात असू शकते. म्हणून अधिसूचनेने कसोटी बौद्धिक संपदेवर ठेवली : कंपनी भारतात नोंदलेली असावी, उत्पादन वापरण्याचा, विकण्याचा, त्यात बदल करण्याचा हक्क तिच्याकडे तिसऱ्याच्या परवानगीविना असावा, आणि त्याचे उत्पन्न भारतातील कंपनीकडे जमा व्हावे. ही कसोटी योग्यच म्हणावी लागेल. पुण्यातील बहुसंख्य संगणक अभियंते परकीय ग्राहकांच्या सेवाकामात असल्याने येथे तिला विशेष अर्थ आहे.

मागणी मात्र खरेदी-आदेशापेक्षा नियमांनी अधिक वाढविली असावी. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. एटीएममधून आलेली विनंती बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचण्याआधीच बनावट स्विचने, म्हणजे एटीएम व्यवहार बँकेकडे पोहोचविणाऱ्या यंत्रणेच्या खोट्या प्रतीने, मंजूर केली. त्यामुळे खात्यात शिल्लक आहे की नाही, हे पाहिलेच गेले नाही. २८ देशांतून रोकड निघाली आणि १३ ऑगस्टला स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-संदेश जाळ्याद्वारे हाँगकाँगला १३.९२ कोटी गेले. दोन महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली. डिसेंबर २०१९ मध्ये तिला बँकांच्या जोखमीनुसार चार पातळ्या जोडल्या; त्यांतील चौथी सर्वांत कडक. ही लूट व ही चौकट यांतील कार्यकारणसंबंध परिपत्रकावरून सिद्ध होत नाही, तरी तो मानण्याकडे कल आहे. सहकारी बँकांचे जाळे दाट असलेल्या या भागात त्यामुळे लेखापरीक्षण व देखरेखीचे काम वाढणे स्वाभाविक होते. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने सायबर घटना सहा तासांत कळविण्याचे बंधन घातले.

मनुष्यबळाबाबत २०१३ च्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणाने पाच वर्षांत पाच लाख तज्ज्ञांचे उद्दिष्ट ठेवले होते. केंद्राचा माहिती सुरक्षा शिक्षण व जागृती प्रकल्प त्यापूर्वीच, २००५ मध्ये, सुरू झाला होता. पुण्यात या कामी सर्वांत जुनी परंपरा सी-डॅकच्या प्रशिक्षण विभागाची. प्रगत संगणनाच्या सहा महिन्यांच्या ‘डॅक’ पदविकेशेजारी पायाभूत यंत्रणा, प्रणाली व सुरक्षा यांची स्वतंत्र पदव्युत्तर पदविका आहे. दोहोंसाठी ‘सी-कॅट’ प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. लहान गावांतून आलेल्या अभियांत्रिकी पदवीधरांना नोकरीच्या दारापर्यंत नेण्यात या अभ्यासक्रमांचे मोल मोठे आहे. गिरीनगर येथील संरक्षण प्रगत तंत्रज्ञान संस्थेत सायबर सुरक्षेत एम.टेक. करता येते. यांतून बाहेर पडणाऱ्यांना हिंजवडी-खराडीतील सेवा कंपन्या देऊ शकतात तेवढा पगार चौथ्या पातळीखालील छोट्या सहकारी बँकेला परवडत नाही. तेथे हे काम पुष्कळदा बाहेरच्या पुरवठादाराकडेच असते.