आपटा की कांचन? अंगणात लावण्यापूर्वी करून घ्यायची ओळख

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नाशिकच्या रविवार कारंजा परिसरात झेंडूच्या ढिगांशेजारी ‘सोन्या’च्या जुड्या मांडलेल्या असतात. त्यांत आपट्याबरोबर कांचनाची पानेही सर्रास असतात. गंमत अशी की, कांचन या शब्दाचा अर्थच सोने. तरीही सोने म्हणून वाटण्याचा मान परंपरेने आपट्याला दिला आहे. जुडी चुकली तर फारसे बिघडत नाही. बंगल्याच्या आवारात झाड चुकले तर मात्र त्याची निस्तरणी बरीच वर्षे करावी लागते.

दोन्ही झाडे एकाच कुळातील आणि दोन्ही आपल्याकडचीच आहेत. मधोमध चिरलेले जोडपान ही त्यांची समान खूण. बाउहिनिया हे त्यांचे शास्त्रीय नाव बाउहिन आडनावाच्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून पडले, तेही या जोडपानामुळेच. घोटाळाही इथेच होतो, कारण बहुतेक जण पानावरूनच झाड ओळखू पाहतात.

दोन्हींचे एकेक जून पान तळहातावर शेजारी ठेवून पाहावे. आपट्याचे पान लांबीपेक्षा रुंदीला अधिक, साधारण दोन इंचांच्या आसपास, जाड व खरखरीत असते आणि त्याची मागची बाजू राखाडी, बारीक लव असलेली दिसते. कांचनाचे पान चांगले तळहाताएवढे होते, पोताने पातळ असते आणि सहज दुमडते. मात्र केवळ आकारावर विसंबू नये, कारण कांचनाच्या कोवळ्या रोपाची पानेही लहानच असतात. मी स्वतः शहरातील एका रोपवाटिकेतून ‘आपटा’ म्हणून आणलेल्या रोपाला तिसऱ्या वर्षी हाताच्या पंजाएवढी जांभळी फुले आली, तेव्हा कुठे पान पुन्हा नीट पाहिले!

फुलांनंतर शंकेला जागा राहत नाही. आपट्याची फुले लहान, फिकट पिवळसर पांढरी असून उन्हाळ्यात तुऱ्यांनी येतात. रस्त्याने जाणाऱ्याचे त्यांच्याकडे लक्षही जात नाही. कांचनाची फुले मोठी आणि दिखाऊ. त्यातही दोन प्रकार लक्षात ठेवावेत: रक्तकांचन पाने झडल्यावर, थंडी सरताना फुलतो, त्याच्या पाकळ्या रुंद असतात आणि फुलात सहसा पाच पुंकेसर असतात, देवकांचन पावसाळा संपताना, अंगावर पाने असतानाच फुलतो, पाकळ्या अरुंद आणि पुंकेसर सहसा तीन. माझ्याकडे आलेला पाहुणा हाच देवकांचन होता.

शेंगांचेही तसेच. कांचनाच्या चपट्या शेंगा वाळल्या की उन्हात तडकतात, दोन्ही फाका पीळ घेऊन वळतात आणि बिया दूरवर उडतात. आपट्याच्या शेंगा जाड, काळपट आणि किंचित वाकलेल्या असतात. त्या सहजासहजी उकलत नाहीत, झाडावरच बरेच दिवस लोंबत राहतात. खोडही सांगते: आपट्याची साल काळपट, भेगाळलेली व वाखट असते. त्या वाखाचे दोर वळत असत, तर पाने विड्या वळण्यासाठी वापरली जातात.

स्वभावातला फरक बागेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. आपटा मूळचा कोरड्या पानगळी जंगलांतला. तो हळू वाढतो, फांद्या वाकड्यातिकड्या व खाली झुकलेल्या ठेवतो आणि बहुधा बुटकाच राहतो. मुरमाड, हलकी जमीन त्याला मानवते. कांचन झपाट्याने वाढतो आणि तीन-चार वर्षांत फुलू लागतो, पण त्याला पसरायला जागा हवी. कुंपणाच्या भिंतीपासून चार-पाच फूट अंतर आपट्याला पुरते. कांचनाला किमान दहा फूट तरी द्यावे, असे मी अनुभवाने सांगेन. नाशिकच्या ज्या भागात काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, तिथे दोन्हींसाठी दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन मातीत मुरूम आणि शेणखत मिसळावे. आपट्याच्या बाबतीत हे टाळूच नये. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात आठवड्याला पाणी द्यावे. पुढे आपटा जवळजवळ स्वतःच्या बळावर उभा राहतो. त्याला लाडाने रोज पाणी घालणे हीच चूक अधिक घडते.

आपटाच हवा असेल, तर खात्रीच्या झाडाखालची शेंग आणून रोप घरीच करणे उत्तम. बीचे कवच कठीण असते, म्हणून उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात बिया टाकून रात्रभर तशाच ठेवाव्यात आणि फुगलेल्या तेवढ्याच पेराव्यात. कांचनाच्या ताज्या बियांना एवढी खटपट लागत नाही.

ओळख लावण्याआधीच करण्याचे आणखी एक कारण कायद्यात आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार शहरात स्वतःच्या आवारातले झाडदेखील परवानगीवाचून तोडता येत नाही. माझा देवकांचन त्यामुळे जागच्या जागीच आहे. आपट्याचे रोप गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या कोपऱ्यात लावले असून ते अजून गुडघ्याएवढेही झालेले नाही.