वितळलेलं पोलाद कुठल्या दिशेनं वाहतं?

वाळूजची एखादी फॅब्रिकेशन शेड घ्या, नाहीतर साखर कारखान्यातली पाइपलाइन. स्टेनलेसचा ग्रेड तोच 304, करंट तोच, हातही तोच. तरी नव्या लॉटच्या पाइपला आर्गन वेल्डिंग खोल उतरत नाही, वरच्यावर पसरतं. अशा वेळी वेल्डरला बोल लावण्याआधी त्या पोलादात गंधक किती आहे ते बघायला हवं.

आर्कखाली, म्हणजे वेल्डिंगच्या विजेच्या झोताखाली, वितळलेल्या धातूचं काही मिलिमीटर रुंदीचं डबकं तयार होतं. त्याच्या पोटात काय चाललंय हे डोळ्यांना दिसत नाही, ते गणितानंच बघावं लागतं. संशोधक रोझेन्थाल यांनी 1940च्या दशकात सरकत्या उष्णतेचं सूत्र मांडलं. त्यात सगळी उष्णता एकाच बिंदूत ओतलेली, म्हणून तिथलं तापमान अनंत निघायचं. 1984 मध्ये गोल्डाक आणि सहकाऱ्यांनी ती दुहेरी लंबगोलात पसरवली. हिशेब पुष्कळ सुधारला, पण धातू अजून जागच्या जागीच धरलेला होता.

प्रत्यक्षात तो वेगानं वाहतो. म्हणून संगणकात डबक्याचे हजारो बारीक कप्पे पाडतात आणि प्रत्येक कप्प्यात किती धातू आला, किती गेला, सोबत किती उष्णता नेली, याचा क्षणाक्षणाचा ताळा मांडतात. विजेच्या प्रवाहाचं चुंबकीय बल धातूला आत, खाली ढकलतं. गरम धातू हलका होऊन वर येतो, पण हा जोर तसा किरकोळच.

खरा मालक पृष्ठताण, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ताणून धरणारं बल. पाण्यावर पीठ भुरभुरून मधोमध साबणाचा थेंब सोडला की पीठ काठाकडे पळतं, कारण मधला ताण कमी होतो. स्वच्छ पोलादात हे काम उष्णता करते: मध्य सर्वांत तापलेला, ताण तिथं कमी, म्हणून धातू काठाकडे धावतो. डबकं रुंद आणि उथळ होतं. दहा लाख भागांत शंभरेक भाग गंधक असलं, तर मात्र बऱ्याच तापमानापर्यंत तापण्यासोबत ताण वाढतो. प्रवाह उलटतो, काठाचा धातू मध्याकडे येऊन खाली बुडी मारतो, तळ वितळवतो. हाइपल आणि रोपर या संशोधकांनी 1982च्या सुमारास हे दाखवलं. एवढ्याशा गंधकानं अख्खा प्रवाह फिरावा, हे मला आजही विलक्षण वाटतं.

दोन वेगळ्या लॉटचे पाइप जोडताना तर डबकं कमी गंधकाच्या बाजूला सरकतं आणि सांध्याचा तळ न जुळता राहू शकतो. गंधकाचा आकडा पोलादासोबत येणाऱ्या टेस्ट सर्टिफिकेटवर छापलेला असतो. तो करंट ठरवण्याआधी वेल्डरच्या हातात पडायला हवा.