घडीचे जुने चाकू : संग्रह आणि ओळख

पाते मुठीच्या खाचेत मिटवून खिशात ठेवता येणारे जुने चाकू जमवणे आणि एखादा चाकू कोणी, कुठे व साधारण कोणत्या काळात बनवला हे ठरवणे, असा हा छंद व अभ्यास आहे. तलवारी-कट्यारींच्या संग्रहापेक्षा तो वेगळा आहे. हे चाकू शेतकरी, खलाशी, कारकून आणि शाळकरी मुलांनी रोज वापरलेले असतात. त्यांच्याविषयी लिहून ठेवलेले फार थोडे सापडते, त्यामुळे बरेचसे वस्तूवरूनच वाचावे लागते.

घडीचा चाकू लोहयुगाइतका जुना आहे. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे हाडाच्या मुठीचा एक चाकू मिळाला असून तो इ. स. पू. सहाव्या शतकाच्या आसपासचा मानतात. रोमन काळातीलही अनेक नमुने उपलब्ध आहेत. मात्र संग्राहक मुख्यतः ज्याच्या मागे असतात, तो पाठीला स्प्रिंग असलेला चाकू सतराव्या शतकात इंग्लंडमधील शेफील्ड येथे स्थिरावला. त्यात पाते अडकवून ठेवणारा खटका नसतो. पात्याच्या बुडाचा चौकोनी भाग स्प्रिंगच्या दाबाने जागच्या जागी राहतो आणि चांगल्या चाकूचे पाते मिटताना स्पष्ट ‘टक्’ असा आवाज येतो.

शेफील्डच्या चाकूकारांचा संघ १६२४ मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झाला. कारागिरांना खुणा देणे आणि त्यांची नोंद ठेवणे हे त्याचे काम होते. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली आणि पात्यांचा दर्जा एकदम उंचावला. पिसाची लेखणी तासायला लहान पात्याचा चाकू लागे, जसा आपल्याकडे बोरू तासायला लागे; त्यामुळे खप मोठा होता. जोसेफ रॉजर्स अँड सन्सची चांदणी व माल्टीज क्रॉस ही खूण आणि जॉर्ज वोस्टनहोमची ‘आय*एक्सएल’ ही अक्षरे जगभर ओळखली जात. रॉजर्सने १८२२ मध्ये १,८२२ पात्यांचा चाकू बनवला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी त्यांनी केलेला ७५ पात्यांचा ‘नॉरफोक नाइफ’ आजही शेफील्डच्या कटलर्स हॉलमध्ये आहे.

ओळख पटवताना पहिली नजर पात्याच्या बुडाकडे जाते, कारण ठसा तिथे असतो. रॉजर्सच्या पात्यांवर मुकुटाच्या दोन्ही बाजूंना राज्यकर्त्याची आद्याक्षरे असतात. ‘व्ही आर’ म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा काळ, १८३७ ते १९०१. ‘जी आर’ मात्र फसवे आहे : ते चौथ्या जॉर्जचे, म्हणजे १८३० पूर्वीचे असू शकते किंवा पाचव्या जॉर्जचे, १९१० नंतरचे. अशा वेळी बाकीच्या खुणा निकाल देतात. ‘स्टेनलेस’ असा शब्द असेल तर चाकू १९१३ च्या आधीचा असूच शकत नाही. हॅरी ब्रियर्लीने शेफील्डमध्ये न गंजणारे पोलाद तयार केले ते त्याच वर्षी.

‘इंग्लंड’ या शब्दाबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले, म्हणून ते नाव नसलेला चाकू १८९१ पूर्वीचा, असे सर्रास सांगितले जाते. पण हा नियम अमेरिकेत जाणाऱ्या मालासाठी होता. ब्रिटनमध्ये किंवा हिंदुस्थानात विकलेल्या चाकूला तो लागू नव्हता. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हाती आलेल्या चाकूचे वय केवळ या आधारावर सांगणे चुकीचे आहे.

अमेरिकी चाकूंत काळ ठरवणे सर्वांत सोपे ‘केस’ (Case) कंपनीच्या बाबतीत. पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडफर्डच्या या कंपनीने ‘केस एक्सएक्स’ हा ठसा १९४० ते १९६४ या काळात वापरला आणि १९६५ ते १९६९ मध्ये त्याखाली ‘यू.एस.ए.’ जोडले. १९७० मध्ये ठशाखाली दहा ठिपके दिले आणि दरवर्षी एक कमी केला. म्हणजे सात ठिपक्यांचा चाकू १९७३ चा. नमुना क्रमांकही बोलका असतो : ६२५४ मध्ये ६ म्हणजे हाडाची मूठ, २ म्हणजे दोन पाती आणि ५४ हा ‘ट्रॅपर’ घाटाचा आकडा. बंदुका बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने १९२० ते १९४० एवढीच वर्षे खिशातले चाकू केले. मुठीवर बंदुकीच्या गोळीच्या आकाराची पट्टी बसवलेल्या त्यांच्या मोठ्या चाकूंना आज सर्वाधिक मागणी आहे. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूत मानेभोवती फिरणारी कडी असेल तर तो १९५५ नंतरचा, हे लक्षात ठेवले तरी पुरते.

अचूकतेत या सगळ्यांवर मात करतात ते चांदीच्या पात्यांचे, फळे कापायचे इंग्रजी चाकू. चांदीची शुद्धता तपासणारी कचेरी त्यांवर सिंहाची खूण, गावाची खूण (शेफील्डचा मुकुट, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर) आणि वर्षाचे अक्षर उमटवत असे. या अक्षरावरून नेमके वर्ष काढता येते. राज्यकर्त्याच्या मस्तकाची करखूण (चांदीवरचा कर भरल्याची खूण) असेल तर चाकू १८९० नंतरचा नाही. शिंपल्याच्या मुठीचे असे चाकू अजूनही परवडतात आणि नवशिक्याने इथून सुरुवात करावी, इतका चांगला धडा दुसरा नाही.

ठसा हा अनेकांतला फक्त एक साक्षीदार असतो आणि तो विकतही घेता येतो. शेफील्डच्या नावावर खपणाऱ्या परदेशी मालाला आळा घालण्यासाठी ब्रिटनला १८८७ मध्ये कायदा करावा लागला होता. आज जुने बूड घासून त्यावर नामांकित ठसा मारतात. घासलेले बूड पातळ होते, आणि चाकू उजेडासमोर धरला की बूड व आतील पितळी पत्रा यांमध्ये नको तेवढी फट दिसते. दोन पात्यांचा रंग व झीज जुळत नसेल तर एक बदललेले आहे. खिळ्यांची डोकी ताजी, त्यांभोवती हाडाला चिरा, असे दिसले तर मूठ नवी.

मुठीचे द्रव्य भिंगाखाली ओळखावे. हाडात बारीक काळसर छिद्रे आणि रेघा दिसतात. सेल्युलॉइड अंगठ्याने जोरात चोळून गरम केले की कापराचा वास येतो. खडबडीत सालीची, तपकिरी-पांढरी शिंगाची मूठ बहुधा भारतातून गेलेल्या सांबरशिंगाची. शेफील्ड आणि अमेरिका दोन्हीकडे तिला मान होता. पुढे भारताने या शिंगांची निर्यात बंद केली, त्यामुळे जुन्या मुठींचा भाव वाढला.

साफसफाईत जितके चाकू बिघडतात तितके वापरात बिघडत नाहीत. पॉलिशच्या चाकावर धरलेल्या पात्याच्या कडा गोल होतात, ठसा पुसट होतो आणि पोलादावरची वर्षानुवर्षांची करडी छटा निघून जाते. ती परत आणता येत नाही. लाल गंज पातळ खनिज तेल लावून हळूहळू सोडवावा, बाकीचे पाते तसेच राहू द्यावे. चामड्याच्या म्यानात चाकू ठेवू नये, पोलाद आणि पितळ दोन्ही खराब होतात. सेल्युलॉइडच्या मुठींचे चाकू वेगळ्या, हवेशीर खणात ठेवावेत, कारण हे द्रव्य कुजताना निघणारी आम्लवाफ शेजारच्या पात्यांनाही खाते.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू घरगुती, शेतीच्या वा कारखान्याच्या कामाचे नसतील तर शस्त्रांत मोडतात. खिशातला चाकू सहसा या मर्यादेच्या खूप आत असतो. मोठा रामपुरी मात्र तिला भिडू शकतो. हस्तिदंती मुठीच्या चाकूची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ व त्यातील नंतरच्या दुरुस्त्यांमुळे गुन्हा ठरते, आणि सांबरशिंगाचा व्यवहारही याच कायद्याच्या कक्षेत येतो. शेफील्डच्या केल्हम आयलंड संग्रहालयातील हॉली संग्रहात तयार चाकूंबरोबर ते बनवण्याची अवजारेही जपली आहेत.