बंदुकीआधीची भीती: 'एलियन: आयसोलेशन'ची पार्श्वभूमी

'एलियन: आयसोलेशन' हा गेम ७ ऑक्टोबर २०१४ रोजी आला. खेळाचा बराच मोठा भाग खेळाडूच्या मागे एकच प्राणी असतो आणि तो मरत नाही. गोळी लागली तरी त्याचे काही बिघडत नाही. बंदुकीचा आवाज ऐकून तो धावत येतो, एवढेच. खेळाडूने टेबलाखाली शिरायचे, लॉकरमध्ये श्वास रोखून उभे राहायचे आणि तो निघून जायची वाट पाहायची. तो ज्या 'एलियन' चित्रपटमालिकेवर बेतला आहे, तिच्यावरचा पहिला गेम १९८२ चा. म्हणजे इतक्या साध्या कल्पनेपर्यंत मोठ्या कंपन्यांच्या गेमना पोचायला बत्तीस वर्षे लागली. ती का लागली, हे कळल्याशिवाय या गेमचे मोल कळत नाही.

मुळात १९७९ चा 'एलियन' हा रिडली स्कॉट यांचा चित्रपट लढाईचा नव्हताच. 'नॉस्ट्रोमो' हे एक अजस्र मालवाहू यान, त्यावर सात माणसे. त्यांच्यात सैनिक कोणी नाही. बोनसच्या वाट्यावरून कुरकुर करणारे हे साधे कामगार. यानात शिरलेल्या प्राण्याशी लढायला त्यांच्याकडे आहेत ती घरगुती जुगाडाची हत्यारे: गुरे हाकायच्या काठीसारखी विजेची काठी, ज्वाला फेकणारे यंत्र आणि हालचाल टिपणारे एक उपकरण. प्राण्याचे रूप स्विस चित्रकार एच. आर. गीगर यांनी घडवले. तो पोशाख बोलाजी बडेजो या जवळजवळ सात फूट उंचीच्या, काटकुळ्या नायजेरियन तरुणाने घातला होता. संपूर्ण चित्रपटात प्राणी दिसतो तो जेमतेम काही मिनिटे. उरलेला वेळ प्रेक्षक तो कुठे असेल याचाच विचार करत बसतो.

मग १९८६ मध्ये जेम्स कॅमरन यांचा 'एलियन्स' आला आणि सगळे पारडे फिरले. आता प्राणी डझनांनी होते, त्यांची राणी होती आणि समोर वसाहतींचे मरीन सैनिक उभे होते. त्यांच्या रायफलवर उरलेल्या गोळ्यांचा आकडा चक्क लाल अक्षरांत दिसायचा. गेम बनवणाऱ्यांसाठी ही तयार पानावर बसण्याची सोय होती. शत्रू भरपूर, शस्त्रे ठळक, गोळ्यांचा हिशेब पडद्यावरच. पुढची जवळजवळ तीन दशके गेमनी दुसऱ्या चित्रपटाकडून भरभरून घेतले आणि पहिल्याला नमस्कार करून बाजूला ठेवले.

सुरुवात तर त्याही आधी झाली होती. १९८२ मध्ये अटारी २६०० या घरगुती गेमयंत्रासाठी निघालेला 'एलियन' हा पॅक-मॅनचाच भाऊ होता: चक्रव्यूहात फिरा, ठिपक्यांऐवजी अंडी चिरडा, प्राण्यांना चुकवा. त्या यंत्राची ताकदच तेवढी होती. पण १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये घरगुती संगणकांसाठी आलेला 'एलियन' मला आजही आश्चर्यात टाकतो. त्यात यानाचा नकाशा समोर असे, खेळाडूने एकेका कर्मचाऱ्याला हुकूम द्यायचा आणि तो कर्मचारी घाबरलेला असेल तर ऐकायचाच नाही. सोबत्यांपैकी एक जण गुपचूप अँड्रॉइड, म्हणजे माणसासारखा दिसणारा यंत्रमानव, असायचा, आणि तो कोण हे दर खेपेला बदलायचे. कमोडोर आणि स्पेक्ट्रमच्या तुटपुंज्या स्मृतीत पहिल्या चित्रपटाचा जीव कोणीतरी नेमका पकडला होता. तो धागा मात्र पुढे कोणी उचलला नाही.

पुढे सगळीकडे गोळीबार सुरू झाला. कोनामीने १९९० मध्ये आर्केडसाठी 'एलियन्स' काढला. तिसरा चित्रपट १९९२ चा. त्यात एकच प्राणी आणि त्याच्याशी लढणाऱ्यांकडे एकही बंदूक नाही, पण त्यावरच्या कन्सोल गेममध्ये हातात शस्त्रांचा साठा आणि समोर प्राण्यांच्या झुंडी. चित्रपटाचे नाव तेवढे घ्यायचे आणि आत दुसऱ्याच चित्रपटाचा खेळ भरायचा, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही. रिबेलियन या ब्रिटिश स्टुडिओने १९९४ मध्ये अटारी जॅग्वारसाठी आणि १९९९ मध्ये संगणकासाठी 'एलियन' आणि दुसऱ्या एका चित्रपटमालिकेतला परग्रही शिकारी 'प्रेडेटर' यांना समोरासमोर आणले. हे गेम खरोखर चांगले होते. अंधाऱ्या बोळात हालचाल टिपणाऱ्या ट्रॅकरची टिकटिक वाढत जाते तेव्हा त्यांतही पाचावर धारण बसते. पण भीतीवरचा उपाय शेवटी चापावरच्या बोटातच असतो.

मालिकेचा प्रभाव तिच्या हक्कांच्या कितीतरी बाहेर पसरला होता. निन्टेंडोच्या १९८६ मधल्या 'मेट्रॉइड'मध्ये एका खलनायकाचे नाव रिडली आहे, ते स्कॉट यांच्यावरूनच. आयडी सॉफ्टवेअरने 'डूम' हा नेमबाजी गेम बनवण्याआधी 'एलियन्स'चे हक्क घेण्याचा विचार केला होता. मनासारखे काम करता यावे म्हणून त्यांनी तो सोडला. १९९३ मध्ये 'डूम' आला आणि पुढच्याच वर्षी एका चाहत्याने त्याचे रूप बदलून त्यात पुरता 'एलियन्स' उतरवला. आजच्या नेमबाजी गेममधले मरीन, धातूचे बोळ आणि भिंतीतून झेपावणारे प्राणी यांचा माग काढत गेलात, तर वाट बहुतेक वेळा १९८६ च्या त्याच चित्रपटाशी पोचते.

सेगा या गेम कंपनीने डिसेंबर २००६ मध्ये फॉक्स या चित्रपट कंपनीकडून 'एलियन'वर गेम काढण्याचे हक्क मिळवले. ऑब्सिडियन स्टुडिओ या मालिकेवर एक रोल-प्लेइंग गेम बनवत होता. तो २००९ मध्ये गुंडाळला गेला. मुख्य मदार होती गिअरबॉक्सच्या 'एलियन्स: कलोनियल मरीन्स'वर. वर्षानुवर्षे लांबत तो फेब्रुवारी २०१३ मध्ये आला आणि चाहत्यांचा हिरमोड झाला. आधी दाखवलेल्या डेमोतली प्रकाशयोजना आणि बारकावे प्रत्यक्ष गेममध्ये नव्हते. त्यावरून कॅलिफोर्नियात ग्राहकांच्या वतीने खटलाही दाखल झाला. सगळ्यांत जास्त टीका झाली ती प्राण्यांच्या वागण्यावर. ते सैनिकाच्या अंगावर सरळ चालून यायचे, बावचळल्यासारखे घुटमळायचे, बाजूने घेरायचे नाहीत.

यातली एक गोष्ट पाच वर्षांनी, २०१८ मध्ये, चर्चेत आली. गेमच्या सेटिंगच्या फायलीत 'टेदर' या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये 'ए' हे एक अक्षर जास्तीचे पडले होते. प्राण्याला आसपासच्या जागांशी जोडून घ्यायला सांगणारी ती ओळ त्यामुळे वाचलीच जात नव्हती. गेममध्ये बदल करून पाहणाऱ्या एका हौशी खेळाडूला ही चूक सापडली, आणि ते अक्षर खोडताच प्राणी पूर्वीपेक्षा बरेच शहाणे वागू लागले. गेमचे बाकीचे दोष त्याने धुऊन निघत नाहीत. तरीही इतक्या लोकांच्या इतक्या वर्षांच्या कामावर एका अक्षराची अशी सावली पडावी, याचे वाईट वाटते.

इकडे इंग्लंडमधल्या हॉर्शम गावात क्रिएटिव्ह असेंब्ली हा स्टुडिओ होता. १९८७ मध्ये स्थापन झालेला आणि २००५ पासून सेगाच्या मालकीचा. त्याची ख्याती 'टोटल वॉर' या डावपेचांच्या मालिकेमुळे, जिथे हजारो सैनिक मैदानावर उतरवायचे असतात. भीतीच्या गेमचा अनुभव तिथे जवळजवळ कोणालाच नव्हता. त्यांची कन्सोल गेमची तुकडी २००८ मध्ये 'वायकिंग: बॅटल फॉर अ‍ॅसगार्ड' संपवून मोकळी झाली होती. 'एलियन'चे हक्क सेगाकडे आहेतच, तर पहिल्या चित्रपटावर काही करून पाहू, असे त्या तुकडीतल्या अ‍ॅलिस्टर होप आणि सहकाऱ्यांनी ठरवले. सहा जणांनी एक छोटा नमुना बनवला. त्यात एक खेळाडू लपायचा आणि दुसरा माणूस प्राण्याला चालवत त्याला शोधायचा. निव्वळ लपंडाव, पण खेळणाऱ्यांचा जीव खाली-वर होत होता. सेगाच्या वरिष्ठांचे लक्ष या नमुन्याने वेधून घेतले. सहा जणांची ती तुकडी पुढे शंभरावर गेली.

यानंतर फॉक्सने जे दिले, ते मला या सगळ्या कहाणीतले सर्वांत मोलाचे वाटते. पहिल्या चित्रपटाच्या निर्मितीचे तब्बल ३ टेराबाइट साहित्य: सेटची छायाचित्रे, पोशाखांचे फोटो, रॉन कॉब यांच्यासारख्यांची रेखाटने, पडद्यामागची दृश्ये, अगदी मूळ ध्वनिमुद्रणेसुद्धा. तुकडीने ते चाळले आणि स्वतःवर एक बंधन घालून घेतले. १९७९ मध्ये सेटवर जे बनवता आले नसते, ते गेममध्ये ठेवायचे नाही. म्हणून गेम जिथे घडतो त्या २१३७ सालच्या सेवास्तोपोल अंतराळस्थानकावर स्पर्शाने चालणारे गुळगुळीत पडदे नाहीत. आहेत ती जाड बटणे, घरघरणारे मॉनिटर आणि हिरवी अक्षरे. त्या मॉनिटरवरची चलचित्रे जुनाट दिसावीत म्हणून त्यांनी ती खरोखर व्हीएचएस आणि बीटामॅक्सच्या टेपवर उतरवली, छोट्या टीव्हीवर लावली, ट्रॅकिंगचे बटण फिरवून बिघडवली आणि तो पडदा पुन्हा चित्रित करून घेतला. हा परिणाम संगणकावर सहज उभा करता आला असता. त्यांनी लांबची वाट धरली आणि ती दिसते.

कथेसाठी धागा मिळाला तो मात्र दुसऱ्या चित्रपटातून, तोही आधी कापलेल्या प्रसंगातून. 'एलियन्स'च्या नंतर आलेल्या विस्तारित आवृत्तीत नायिका एलेन रिप्लीला कळते की ती ५७ वर्षे अंतराळात निद्रिस्त होती आणि तेवढ्यात तिची मुलगी अमांडा म्हातारी होऊन वारली. अकराव्या वाढदिवसापर्यंत परत येईन, असे तिने त्या मुलीला सांगितले होते. प्रसंगात दाखवलेला म्हाताऱ्या अमांडाचा फोटो रिप्ली साकारणाऱ्या सिगर्नी वीव्हर यांच्या खऱ्या आईचा, एलिझाबेथ इंग्लिस यांचा आहे. त्या एका फोटोपलीकडे अमांडाच्या आयुष्याबद्दल चित्रपट फारसे काही सांगत नाही. गेमच्या लेखकांनी तीच रिकामी जागा घेतली: पंधरा वर्षे आईचा शोध घेणारी तरुण इंजिनियर, 'नॉस्ट्रोमो'ची नोंदपेटी सापडल्याची बातमी आणि त्यामागे सेवास्तोपोल स्थानकापर्यंत झालेला प्रवास.

आता प्राण्याबद्दल. ठरावीक वाटेने फेऱ्या मारणारा शत्रू खेळाडू दोन वेळा हरून पाठ करतो आणि भीती तिथेच संपते. म्हणून इथे यंत्रणा दोन थरांत विभागली आहे. वरच्या थराला खेळाडू आणि प्राणी कुठे आहेत हे कायम माहीत असते. तो प्राण्याला अधूनमधून साधारण दिशा सुचवतो आणि ताण फार वाढला की त्याला छतातल्या बोगद्यांत परत बोलावतो. खालच्या थरात प्राणी स्वतः असतो, आणि त्याच्याकडे फक्त डोळे, कान आणि ही सूचना. नेमका ठावठिकाणा त्याला कोणी सांगत नाही, शोधावे त्यालाच लागते. त्याच्या वागण्याचे काही प्रकार सुरुवातीला बंद असतात आणि प्रसंगांनुसार उघडत जातात, त्यामुळे तो शिकतो आहे असे वाटत राहते. हातातला मोशन ट्रॅकर मदत करतो, पण प्राणी अगदी जवळ असेल तर त्याची टिकटिकही ऐकू जाते. कन्सोलला कायनेक्ट (हालचाल आणि आवाज टिपणारे उपकरण) किंवा कॅमेरा जोडला असेल, तर खोलीतला खरा आवाजसुद्धा खेळाडूचा घात करू शकतो.

सुरुवातीला कॅमेरा पात्राच्या पाठीमागे ठेवून पाहिले होते. तेव्हा खेळाडू आपल्या पात्राला वाचवत होता. कॅमेरा डोळ्यांच्या जागी आणल्यावर तो स्वतःला वाचवू लागला. प्राण्याचे पायही बदलले. चित्रपटात काही क्षणांपुरता दिसणारा पोशाखातला माणूस गेममध्ये तासन् तास समोर वावरणार होता आणि माणसाची चाल लपली नसती, म्हणून गुडघ्याखालची ठेवण जनावरासारखी केली.

स्वागत एकमताचे झाले नाही. आयजीएन या गेमविषयक संकेतस्थळाने १० पैकी ५.९ गुण दिले आणि लांबी व अवघडपणावर बोट ठेवले. पीसी गेमर या नियतकालिकाने तोच वर्षातला सर्वोत्तम गेम ठरवला. २०१५ मध्ये ध्वनीसाठीचा बाफ्टा पुरस्कार त्याला मिळाला. लांबीबद्दलची तक्रार मला पटते, शेवटचे काही तास ताणलेलेच आहेत. मार्च २०१५ पर्यंत २१ लाखांच्या आसपास प्रती खपल्या. पुढचा भाग मात्र आला नाही. गेम तरीही हातोहात पसरत राहिला: २०१९ मध्ये निन्टेंडो स्विचवर, २०२१ मध्ये मोबाइलवर. दहाव्या वाढदिवसाला, ऑक्टोबर २०२४ मध्ये, होप यांनी पुढच्या भागावर काम सुरू झाल्याचे जाहीर केले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'एलियन: रोम्युलस' पडद्यावर आला होता. त्याचे दिग्दर्शक फेडे अल्वारेझ यांनी सांगितले आहे की हा गेम खेळतानाच त्यांना 'एलियन' पुन्हा भीतिदायक होऊ शकतो याची जाणीव झाली. गेममध्ये प्रगती सेव्ह करायची तर भिंतीवरच्या आपत्कालीन टेलिफोनपर्यंत पोचावे लागते, त्यात कार्ड घालून काही सेकंद उघड्यावर उभे राहावे लागते, आणि तेवढ्यात पाठीमागून कोणी येत नाही ना याची धाकधूक असते. अल्वारेझ यांनी तसेच टेलिफोन आपल्या सेटवर लावले. काहीतरी भयंकर घडायच्या आधी त्यांतला एक पडद्याच्या कोपऱ्यात दिसतो. गेम खेळलेला प्रेक्षक तो पाहताच खुर्चीत सावरून बसतो.