काड्या भरलेल्या, मग नेट अडतं कुठे?

दिवाळीत साताऱ्याला मावशीकडे गेलो होतो. मंगळवार पेठेतलं जुनं घर, काळ्या पाषाणाच्या दीड हात जाड भिंती. चहा व्हायच्या आतच तक्रार आली, "अरे, सहा अँटेनांचा राउटर आणला. टीव्हीवर वायफायच्या काड्या बघ, सगळ्या भरलेल्या. तरी रात्री नऊला मालिका लावली की नुसतं गोल फिरत बसतं. केबलवाला म्हणतो लाइन ओके आहे."

केबलवाला खरंच बोलत होता. लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडला, तर १०० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये ९४ मिळाले. उरलेले सहा, डेटा ज्या छोट्या पाकिटांतून जातो त्यांवरचे पत्ते आणि दोन पाकिटांमधली मोकळी जागा खातात, त्यात फसवणूक नाही. वायर काढून माजघरात टीव्हीशेजारी मोजलं, तर फक्त ७. म्हणजे दोष गल्लीतल्या फायबरमध्ये नव्हता, घरातल्या हवेत होता. नेट अडलं की आधी ही चाचणी करा. फायबरच्या डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल हरवल्याचा, लाल दिवा लागला असेल, तर मात्र प्रकाशच घरापर्यंत येत नाहीये. तेव्हा राउटर कितीही बंद-चालू केला तरी उपयोग नाही.

राउटरचा आवाज आपल्यापर्यंत किती मोठा पोहोचतो, एवढंच काड्या सांगतात. त्याच हवेत आणखी किती जण बोलताहेत, हे त्यांवरून कळत नाही. आणि एका चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एका पट्ट्यावर, एका वेळी एकानेच बोलायचं, हा वायफायचा पाया आहे. राउटर, घरातले सगळे फोन, टीव्ही आणि त्याच चॅनेलवर ऐकू येणारे शेजारी, सगळे त्यात आले.

१९७१ साली नॉर्मन अब्रामसन यांच्या गटाने हवाई बेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा पाठवायचं, पोचपावती आली नाही तर थोड्या वेळाने पुन्हा पाठवायचं. गणित केलं तर या पद्धतीत फार तर १८ टक्के वेळ सत्कारणी लागतो, बाकीचा टकरींत आणि शांततेत जातो. वायफायने त्यात 'आधी ऐका' हा नियम घातला. फोन आधी हवा ऐकतो. ती शांत असली तर ० ते १५ मधला एक आकडा मनात धरून उलटा मोजत जातो. एक मोजणी ९ मायक्रोसेकंदांची. मध्येच दुसरं कोणी बोलू लागलं तर मोजणी तिथेच थांबवतो आणि शांतता झाली की उरलेली पुढे मोजतो. शून्य आलं की पाठवतो. दोघांनी एकच आकडा धरला असेल तर टक्कर होते. पण ती त्यांना कळत नाही, कारण राउटरच्या स्वतःच्या आवाजापुढे पलीकडच्या खोलीतल्या फोनचा आवाज सहज दहा कोटी पट क्षीण असतो. बोलताना ऐकणं शक्यच नाही. पोचपावती आली नाही, यावरूनच टक्कर ओळखायची. मग पुढचा आकडा ० ते ३१ मधून, पुन्हा चुकलं तर ० ते ६३ मधून, असं १०२३ पर्यंत. कोणी मालक नाही, कोणी नंबर देत नाही, तरी प्रत्येकाची पाळी येते. ही रचना मला दरवेळी नव्याने आवडते.

पाळी येते ती एकेका पाकिटाची, सारख्या वेळेची नव्हे. काका रात्री सोप्यात झोपाळ्यावर बसून जुन्या फोनवर कीर्तन पाहतात. मध्ये दगडी भिंत, काडी एकच. आवाज क्षीण असला की राउटर सावकाश, स्पष्ट बोलतो. टीव्हीला ६० एमबीपीएसने जाणारं पाकीट काकांना ६ ने जातं, म्हणजे हवा दहापट वेळ अडते. मावशीच्या टीव्हीच्या काड्या भरलेल्याच होत्या, फक्त त्याची पाळी उशिरा येत होती.

चॅनेलही चुकलं होतं. २.४ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेल पाच-पाच मेगाहर्ट्झवर, पण एकेकाची रुंदी २०. म्हणून १, ६ आणि ११ हे एकमेकांत न मिसळणारे. मावशीचा राउटर ३ वर, शेजारी १ आणि ६ वर. शेजारी आपल्याच चॅनेलवर असला तर त्याचं बोलणं फार क्षीण असलं तरी ओळखू येतं आणि आपलं यंत्र थांबतं. दोन-तीन चॅनेल सरकून असला तर त्याची नुसती खरखर ऐकू येते. ती सुमारे शंभरपट मोठी झाल्याशिवाय थांबायचं कारण राउटरला दिसत नाही, आणि दोघांचीही पाकिटं फुटतात. 'रिकामा म्हणून ३' हा हिशेब इथे चुकतो. मी ११ लावलं.

राउटर होता स्वयंपाकघरात, फ्रीजमागच्या कोनाड्यात. विजेची वस्तू आग्नेयेलाच हवी, असं वास्तूवाल्याने सांगितलं होतं. पैसे घेऊन असले सल्ले देणाऱ्यांचा मला राग येतो. लहरींना आग्नेय आणि नैर्ऋत्य सारखेच. त्यांना अडवतात ते दगड, लोखंड आणि पाणी. पावसाळ्यात ओल धरलेली भिंत तर आणखीच. लाकूड त्या मानाने बरंच सोडतं, म्हणून राउटर माडीच्या जिन्याशी नेला. आता लहरी तक्तपोशीतून खाली उतरतात. उभ्या अँटेनेभोवती लहरी मेदूवड्याच्या आकारात पसरतात, वर-खाली कमी, म्हणून दोन अँटेना आडव्या केल्या.

सहा अँटेना बघून राउटर घेऊ नका, बहुतेक फोनना दोनच असतात. ५ गिगाहर्ट्झ हवंच. त्यात चॅनेल पुष्कळ, आणि ती लहर भिंतीत लवकर विरते म्हणून शेजाऱ्यांची ढवळाढवळही कमी. मागची वायरची पोर्ट गिगाबिटची आहेत ना, तेही पाहा. १०० ची असतील तर २०० चा प्लॅन घेऊनही वायरवर ९४-९५ च मिळतील.

काकांच्या फोनला आता तीन काड्या येतात. टीव्ही काही जागचा हलत नाही, म्हणून त्याला तुळईच्या कडेने बारा मीटर वायर ओढली. तो हवेतून बाहेर पडला, आणि त्याची वेळ कीर्तनाला मिळाली.