कारवी

कारवी हे सह्याद्रीच्या उतारांवर दाट रान करून वाढणारे आणि आयुष्यात एकदाच फुलणारे झुडूप आहे. ते अडुळशाच्या कुळातले, म्हणजे अ‍ॅकँथेसीमधले. शास्त्रीय नाव स्ट्रोबिलँथिस कॅलोसा. यातला पहिला शब्द शंकूसारख्या फुलोऱ्यावरून आला, दुसरा खोडावरच्या घट्ट्यांसारख्या पुटकुळ्यांवरून. चढणीवर आधारासाठी कारवीची काठी मुठीत धरली की तळहाताला आधी या पुटकुळ्याच लागतात. पाने मोठी, खरखरीत, दातेरी कडांची आणि ठसठशीत शिरांची असतात. उन्हाळ्यात ती गळून जातात आणि डोंगरावर नुसत्या काठ्यांचे रान उभे राहते.

मुंबईतले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, माथेरान, भीमाशंकर, हरिश्चंद्रगड, महाबळेश्वर, कोयनेचे खोरे अशा सगळ्या पट्ट्यात कारवी आढळते. तीव्र उतारावर तिची मुळे मातीला धरून ठेवतात. घाटमाथ्यावरच्या पावसात हे काम किती मोलाचे आहे, ते दरड कोसळलेला डोंगर पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

कारवी सात वर्षांनी फुलते असे लोक म्हणतात, तर अनेक नोंदींत आठ वर्षे दिलेली असतात. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. मुंबईच्या उद्यानात मोठा बहर २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये आला, म्हणजे बहर ते बहर आठ वर्षे. पण २०१६च्या फुलांचे बी रुजले ते २०१७च्या पावसात. त्यातून आलेल्या झाडाने सात वर्षे पुरी केली आणि आठव्या पावसाळ्यात ते फुलले. प्रत्येक डोंगराचे वर्ष मात्र वेगळे असू शकते, आणि एखादे चुकार झाड अधल्यामधल्या वर्षीही फुलते.

बहर साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात येतो. निळ्या-जांभळ्या फुलांनी उतारच्या उतार भरून जातात आणि मधमाश्यांची नुसती झुंबड उडते. फळे धरली की झाड मरते. खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते, आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. बी लगेच पडत नाही. वाळलेल्या काठ्यांवरची बोंडे पुढचा हिवाळा आणि उन्हाळा तशीच मिटून राहतात. जूनमध्ये पहिल्या सरींनी भिजली की ती तडकतात. आत बियांखाली आकड्यांसारखे देठ असतात, त्यांच्या झटक्याने बिया दूर उडतात. पावसाचा जोर ओसरल्यावर अशा रानात थांबले तर तडतड आवाज कानावर येतो.

म्हणून फुलांच्या वर्षापेक्षा त्याच्या मागून येणारा उन्हाळा अधिक जपावा लागतो. मेलेल्या काठ्या निरुपयोगी दिसतात, पण उताराची सगळी पुढची पिढी त्यांच्यावरच टांगलेली असते. त्याच उन्हाळ्यात वणवा लागला किंवा काठ्या तोडून नेल्या, तर एका वर्षाचे नव्हे, पुढच्या सगळ्या फेरीचे बी जाते.

सगळी झाडे एकदम का फुलतात? एक तर्क असा, की एरवी बी खाणारे किडे-पाखरे सगळे फस्त करतील. एकाच वेळी अमाप बी तयार झाले, तर पोटभर खाऊनही रुजण्यापुरते उरते.

डोंगरातल्या माणसांचे घर कारवीवर उभे राहिले आहे. वाळक्या काठ्या शेजारी शेजारी बांधून त्यावर शेणमाती लिंपली की कुडाची भिंत होते. वारली, कातकरी, ठाकर यांच्या वस्त्यांत अशी घरे पिढ्यान्‌पिढ्या बांधली गेली, आणि वारल्यांची तांदळाच्या पिठाची चित्रे अशाच कुडावर रेखली गेली. बहराच्या वर्षी मिळणारा कारवीचा मध दाट, गडद असतो, आणि महाबळेश्वरच्या भागात त्याला विशेष मान आहे. ब्लू ओकलीफ या फुलपाखराच्या अळ्याही कारवीची पाने खाऊन वाढतात. हे फुलपाखरू पंख मिटून बसले की हुबेहूब वाळके पान वाटते.

कारवीची भावंडे पुष्कळ आहेत. केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांतली नीलकुरिंजी १२ वर्षांनी फुलते. मुन्नारला २००६ आणि २०१८ मध्ये तिचा बहर आला होता. साताऱ्याजवळच्या कास पठारावर टोपली कारवी आहे. कास २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळात गणले जाते. टोपली कारवी उतारावरच्या कारवीसारखी उंच होत नाही. वाऱ्याच्या माऱ्यात ती जमिनीलगत गोल, गच्च वाढते आणि दुरून पाहिले तर पठारावर कुणी टोपल्या उपड्या घातल्यासारख्या दिसतात.